शपथ आणि मुखत्यारपत्र

१८७० च्या आगेमागे पुण्यात पर्वती संस्थानाच्या कारभाराबद्दल ओरड सुरू होती. देवस्थान पेशव्यांचे, पेशवाई तर कधीच बुडालेली. मग कारभार पाहणाऱ्यांना जाब विचारायचा कुणी? गाऱ्हाणे सरकारदरबारी न्यायचे म्हटले तरी साहेब आधी हेच विचारणार, की तुम्ही कोण आणि कुणाच्या वतीने आलात? गणेश वासुदेव जोशी पेशाने वकील होते. त्यांना आणि त्यांच्या सोबत्यांना सुचलेला तोडगाही वकिलीच होता. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा सभासद होण्यासाठी एक विलक्षण अट होती: किमान पन्नास प्रौढ माणसांनी सह्या केलेले मुखत्यारपत्र आणायचे. आरंभीच्या ९५ सभासदांनी मिळून सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रे जमा केली. देशात निवडणूक म्हणजे काय हे फारसे कुणाला ठाऊक नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. जोशी पुढे ‘सार्वजनिक काका’ म्हणून ओळखले गेले.

पस्तीस वर्षांनी, १२ जून १९०५ रोजी, याच शहरात फर्ग्युसन कॉलेजमागच्या टेकडीवर चौघांनी शपथ घेतली. गोपाळ कृष्ण गोखले, नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन. भारत सेवक समाजाची ही सुरुवात. शपथेची कलमे सात होती. देशहित सर्वांत आधी. देशसेवेतून स्वतःचा लाभ साधायचा नाही. जात-धर्म न पाहता सर्व भारतीयांना भाऊ मानायचे. संस्था देईल त्यात संसार भागवायचा, स्वतःसाठी पैसा मिळवण्यात शक्ती घालवायची नाही. खासगी वर्तन शुद्ध ठेवायचे, कुणाशी वैयक्तिक भांडण करायचे नाही, संस्थेचे ध्येय नजरेआड होऊ द्यायचे नाही. नव्या सदस्याला पाच वर्षांचे प्रशिक्षण होते. त्यातला काही काळ पुण्यात ग्रंथालयात बसून अभ्यास करायचा आणि उरलेला देशभर हिंडण्यात घालवायचा. राजकारण आणि समाजकारण हे फावल्या वेळेचे काम नाही, त्यासाठी डॉक्टर-वकिलांसारखी माणसे घडवावी लागतात, असे गोखल्यांचे म्हणणे होते.

राज्य कुणी करावे या जुन्या प्रश्नाची ही दोन उत्तरे. एक म्हणते, कारभाऱ्याला नीट घडवा, त्याच्याकडून शपथ घ्या, मग तो सर्वांचे भले करील. दुसरे म्हणते, तो कसाही असो, त्याच्या खिशात आमच्या सह्यांचा कागद हवा. पुण्याने दोन्ही उत्तरे पस्तीस वर्षांच्या आत शोधली आणि पुढे सव्वाशे वर्षे त्यांची झटापट पाहिली. म्हणून या प्रश्नाचा अभ्यास करायला पुण्यासारखे गाव नाही.

पहिल्या उत्तराची परंपरा फार जुनी आहे. ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोने आदर्श नगरराज्याची कल्पना केली तेव्हा राज्यकर्त्यांचा अभ्यासक्रमच आखून दिला. वयाच्या विशीपासून दहा वर्षे गणित, मग पाच वर्षे तत्त्वचर्चा, मग पंधरा वर्षे प्रत्यक्ष कारभारात उमेदवारी, आणि पन्नाशी गाठल्यावर राज्य. या रक्षकांना खासगी मालमत्ता नाही, स्वतःचे घरदारही नाही. चीनने शतकानुशतके परीक्षा घेऊन अधिकारी निवडले. ती पद्धत तिथल्या दरबाराने मोडीत काढली तीही १९०५ मध्येच, गोखल्यांच्या शपथेनंतर अवघ्या तीन महिन्यांनी. कौटिल्य या बाबतीत सगळ्यांत कमी भोळा. अमात्य निवडताना त्यांना आमिषे दाखवून पारखा, असे तो सांगतो आणि तेवढ्यावर न थांबता सरकारी पैसा खाण्याचे चाळीस प्रकार मोजून दाखवतो. प्रशिक्षित माणसावर त्याचा विश्वास होता, पण हिशेब तपासल्यानंतर.

आपल्याकडे चांगल्या कारभाऱ्याचे नाव काढले की रामशास्त्री प्रभुणे आठवतात. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. न्यायाधीश रामशास्त्र्यांनी राघोबादादांना दोषी ठरवले, देहान्ताशिवाय प्रायश्चित्त नाही असे तोंडावर सांगितले आणि पुणे सोडले, ही कथा पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितली जाते. तिच्या उत्तरार्धाकडे मात्र कुणी फारसे लक्ष देत नाही. निःस्पृह, विद्वान, तोलामोलाच्या न्यायाधीशाने निकाल दिला आणि तो अमलात आणण्याची कसलीही सोय त्या राज्यव्यवस्थेत नव्हती. शास्त्रीबुवांच्या हाती उरले ते बिऱ्हाड उचलणे. राघोबादादांना पेशवेपदावरून हटवले ते बारभाईंच्या कारस्थानाने, म्हणजे राजकारणाने. त्याच राजवटीत पुढे घाशीराम कोतवाल पुण्यावर वर्षानुवर्षे मोकाट राहिला. नाना फडणविसांसारखा चतुरस्र कारभारी डोक्यावर असताना लोकांची गाऱ्हाणी वरपर्यंत पोचली नाहीत. अखेर तेलंगी ब्राह्मण कोठडीत गुदमरून मेले तेव्हा शहर उठले आणि ३१ ऑगस्ट १७९१ रोजी लोकांनी घाशीरामाला दगडांनी ठेचून मारले. कारभाऱ्याला बदलण्याचा सभ्य मार्ग नसला की असे होते.

इंग्रजांनी राज्यकर्ता वर्ग घडवण्याचा कारखानाच काढला. कंपनीच्या कारकुनांसाठी १८०६ मध्ये हेलीबरीचे कॉलेज निघाले, १८५५ पासून लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली आणि इंडियन सिव्हिल सर्व्हिस नावाचा एक छोटा, हुशार, सहसा लाच न खाणारा वर्ग हिंदुस्थानावर राज्य करू लागला. जिल्ह्याची जमाबंदी, दुष्काळाची कामे, रस्ते, कालवे यांतली त्यांची कर्तबगारी नाकारण्यात अर्थ नाही. पण या वर्गाची खरी परीक्षा १८९७ मध्ये पुण्यात झाली.

प्लेग मुंबईहून पुण्यात आला होता. फेब्रुवारीत साथरोगांचा कायदा झाला आणि पुण्यासाठी खास प्लेग समिती नेमली गेली. वॉल्टर चार्ल्स रँड हा सिव्हिल सर्व्हिसचा अधिकारी तिचा अध्यक्ष, सोबत एक लष्करी डॉक्टर आणि एक कर्नल. घराघरांतून रोगी शोधायचे, त्यांना इस्पितळात हलवायचे, घरच्यांना छावणीत ठेवायचे, घर धुऊन काढायचे, संशयास्पद सामान जाळायचे, असा कार्यक्रम. शोधाला गोरे सोजीर. ते माजघरात शिरले, देवघरात शिरले, बायकांची तपासणी झाली. हेतू सर्वांच्या हिताचा होता, यात मला शंका वाटत नाही. टिळकांनीही सुरुवातीला रोगनिवारणाच्या उपायांची गरज मान्य केली होती आणि हिंदू प्लेग इस्पितळ उभे करण्यात हातभार लावला होता.

पण त्या तज्ज्ञांना एक गोष्ट ठाऊक नव्हती. प्लेग पसरतो उंदराच्या अंगावरच्या पिसवांमुळे. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने कराचीत प्रयोग करून हे दाखवले ते १८९८ मध्ये, आणि वैद्यकविश्वाने ते मानायला आणखी काही वर्षे घेतली. म्हणजे सोजीर माणसे शोधत होते आणि रोग बिळात होता. त्या वेळच्या ज्ञानाच्या मर्यादेबद्दल रँडला दोष देता येणार नाही. दोष वेगळाच आहे. आपले चुकत असेल, लोक सांगताहेत त्यात काही असेल, हे ऐकण्यासाठी त्या यंत्रणेला कानच ठेवलेले नव्हते. अर्ज गेले, तक्रारी गेल्या, त्या तपासणारे पुन्हा तेच. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सोबतचा लेफ्टनंट आयर्स्ट जागीच मेला, रँड ३ जुलैला.

या प्रकरणाचा एक धागा थेट गोखल्यांपर्यंत जातो. वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते त्या वेळी इंग्लंडात होते. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे त्यांनी सोजिरांच्या अत्याचाराची हकिगत तिथल्या वर्तमानपत्रात दिली. परत आल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रे लिहिणारे पुढे यायला तयार नव्हते आणि गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. या माफीबद्दल त्यांना पुण्यात जन्मभर टोमणे खावे लागले. नीट पाहिले तर त्या प्रसंगात एकाच माणसाच्या भित्रेपणाचा किंवा सचोटीचा प्रश्न नव्हता. बुधवार पेठेत घडलेल्या गोष्टीची तक्रार लंडनमार्गे करावी लागते आणि तिची शहानिशा करायला पुण्यात तटस्थ जागा नसते, हे त्या राज्याचे दुखणे होते. गोखल्यांनी त्यातून काढलेला धडा मात्र निराळा. आपल्याकडे अभ्यासू, निःस्वार्थी, वाहून घेतलेली माणसे कमी आहेत, ती घडवली पाहिजेत. आठ वर्षांनी टेकडीवरची शपथ झाली.

शपथेवर माणसे बांधण्याचा प्रयोग पुण्याला नवा नव्हता. १८८४ ची डेक्कन एज्युकेशन सोसायटी अशाच आजीव सदस्यांवर उभी होती, वीस वर्षे अल्प वेतनावर शिकवायचे या अटीवर. आणि तिथे काय झाले? जादा कमाई करावी की नाही, संस्थेबाहेरची कामे घ्यावीत की नाही, यावरून टिळक-आगरकरांसारख्या जिवलगांत फाटले. गोखल्यांनी सार्वजनिक सभेचे चिटणीसपद घेतले हेही टिळकांना पटले नव्हते. १८९० च्या अखेरीस टिळक बाहेर पडले. सात कलमांत पैसा न मिळवण्याचे आणि न भांडण्याचे अशी दोन कलमे आहेत. ती कुठून आली असावीत, याचा अंदाज करायला फार लांब जायला नको.

भारत सेवक समाजाने दिलेली माणसे मोठी होती. ना. म. जोशी समाजात आले आणि मुंबईच्या गिरणगावात कामगारांमध्ये रमले. १९२० मध्ये आयटक स्थापन करणाऱ्यांत ते आघाडीवर होते. अमृतलाल ठक्कर, म्हणजे ठक्करबाप्पा, भिल्लांमध्ये आणि पुढे हरिजन सेवक संघात आयुष्य देऊन गेले. देवधरांनी रमाबाई रानड्यांबरोबर १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन उभे केले. १९३० मध्ये समाजाच्याच आवारात गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगिळांनी तिला नाव मिळवून दिले. ही कामे करताना या माणसांच्या हाती सत्ता नव्हती. लोकांनी नको म्हटले तर त्यांना उठून जावे लागे, म्हणून त्यांना लोकांचे ऐकावे लागे. माझ्या मते समाजाच्या यशाचे अर्धे श्रेय प्रशिक्षणाला आणि अर्धे या सत्ताहीनतेला द्यायला हवे. गंमत म्हणजे समाजाच्या दारात आलेला सर्वांत मोठा उमेदवार आत येऊ शकला नाही. गोखल्यांच्या मृत्यूनंतर, १९१५ मध्ये, गांधींच्या प्रवेशाचा प्रश्न निघाला. सदस्यांना त्यांचे विचार पचेनात. मतभेद दिसताच गांधींनी स्वतःच नाव मागे घेतले. प्रशिक्षित मंडळ आपल्यासारखीच माणसे ओळखते. वेगळा माणूस त्याला अवघड जातो.

समाजाचा सदस्य सत्तेच्या खुर्चीवर बसला तेव्हाची हकिगत मराठी माणसाला चांगलीच ठाऊक आहे, फक्त तिच्यातला हा दुवा सहसा सांगितला जात नाही. १९५३ च्या राज्य पुनर्रचना आयोगात तिघे होते: न्यायमूर्ती फाजल अली, सरदार पणिक्कर आणि पंडित हृदयनाथ कुंझरू. कुंझरू १९०९ पासून भारत सेवक समाजाचे सदस्य आणि आयोगाच्या काळात त्याचे अध्यक्ष. तिघांच्या विद्वत्तेबद्दल किंवा सचोटीबद्दल कुणी शंका घेतली नाही. त्यांनी देश पालथा घातला, हजारो निवेदने वाचली आणि ३० सप्टेंबर १९५५ ला अहवाल दिला. त्यात गुजरातसह द्वैभाषिक मुंबई राज्य आणि वेगळा विदर्भ अशी शिफारस होती. राष्ट्रहिताचा विचार करूनच ती केली होती. महाराष्ट्राने ती साफ नाकारली. आंदोलन झाले, गोळीबार झाले, १०६ हुतात्मे झाले. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्राने काँग्रेसचा धुव्वा उडवला आणि १ मे १९६० ला तज्ज्ञांचा नकाशा बदलला. आयोगाने शपथेची सातही कलमे पाळली असतील. पन्नास सह्या मात्र कुणी आणल्या नव्हत्या.

याच वादात चिंतामणराव देशमुखांचा राजीनामा येतो. १९१८ च्या आयसीएस परीक्षेत पहिला आलेला, रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर झालेला हा महाडजवळच्या नाते गावचा माणूस. प्रशिक्षित राज्यकर्ता कसा असावा याचा याहून चांगला नमुना आपल्याकडे नाही. मुंबईबद्दलचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता घेतला गेला, गोळीबाराची चौकशी होत नाही, असे सांगून त्यांनी १९५६ मध्ये अर्थमंत्रिपद सोडले. रामशास्त्र्यांनी केले तेच. सज्जन कारभाऱ्याजवळचे शेवटचे हत्यार जवळजवळ दोनशे वर्षांत बदलले नव्हते.

इथे जोतीराव फुल्यांना आणायला हवे, कारण शपथ आणि मुखत्यारपत्र या दोहोंवर त्यांचा आक्षेप होता आणि तो सर्वांत मुळाशी जाणारा होता. वरच्या वर्गांना शिकवा, मग विद्या झिरपत खाली जाईल, हे इंग्रजांचे धोरण. १८८२ मध्ये हंटर कमिशनपुढे फुल्यांनी ते उघडे पाडले. शेतकऱ्याच्या सारापट्टीतून सरकारला पैसा मिळतो, त्यातून उच्चवर्णीयांची मुले शिकतात, आणि शिकून आलेला मामलेदार-कारकून त्याच शेतकऱ्याला नाडतो, असा त्यांचा हिशेब होता. सार्वजनिक सभेलाही त्यांनी सोडले नाही. पन्नास सह्या खऱ्या, पण त्या कुणाच्या? सरदार, सावकार, वकील, पेन्शनर. कुणबी आणि महार-मांग त्यात कुठे आहेत?

फुले स्वतः १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सरकारनियुक्त सभासद होते. व्हाइसरॉय लिटन येणार म्हणून शहर सजवायला हजार रुपये खर्चण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा ही रक्कम गरिबांच्या शिक्षणाला द्या म्हणून विरोधात उभा राहिलेला हा एकटा सभासद. नवी मंडई बांधण्याच्या खर्चालाही त्यांचा विरोध होता. ती १८८६ मध्ये उभी राहिली, तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने तीच महात्मा फुले मंडई झाली. पुण्यात विरोधकाचा सन्मान असा होतो. विनोद बाजूला ठेवून सांगायचे तर फुल्यांचे नगरपालिकेतले काम एवढेच होते की त्या दिवाणखान्यात दुसऱ्या कुणाच्या मनातही न येणारा प्रश्न विचारायचा. ते प्रशिक्षणाने येत नाही. त्यासाठी मुळात वेगळ्या घरातून यावे लागते.

फुल्यांनी हंटर कमिशनपुढे आपले म्हणणे मांडले त्याच १८८२ मध्ये लॉर्ड रिपनने स्थानिक स्वराज्याचा ठराव केला. त्यात त्याने प्रांजळपणे म्हटले की या संस्थांमुळे कारभार लगेच सुधारेल अशी आशा नाही. त्या लोकांच्या राजकीय शिक्षणासाठी हव्यात. अधिकाऱ्यांना हे बिलकुल रुचले नाही.

मुंबईत याच प्रश्नाचा तोडगा दुसऱ्या बाजूने निघाला होता. आर्थर क्रॉफर्ड हा धडाडीचा म्युनिसिपल कमिशनर. त्याने मुंबई सुधारली आणि तिजोरी रिकामी केली. १८७१ मध्ये करदाते खवळले आणि कमिशनरचे पदच नको म्हणू लागले. तरुण फिरोजशहा मेहता उठले आणि म्हणाले, हात एकाचेच असू द्या, पण त्याला लोकनियुक्त सभेपुढे उभे करा. त्या दिवशी श्रोत्यांना ते आवडले नाही, पण १८७२ आणि १८८८ च्या कायद्यांतून हाच साचा तयार झाला. १९४९ च्या प्रांतिक महापालिका कायद्याने तो पुण्यापर्यंत आला. सरकारने पाठवलेला आयुक्त कारभार करणार, सोळा जणांची स्थायी समिती पैशावर नजर ठेवणार, नगरसेवकांची मुख्य सभा प्रश्न विचारणार. महापौराला मान मोठा, अधिकार थोडा. शपथ आणि मुखत्यारपत्र एका छपराखाली आणण्याचा हा प्रयत्न आहे, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याला सापडलेला त्यातल्या त्यात शहाणा.

पुणे महापालिका १५ फेब्रुवारी १९५० ला झाली. पहिले आयुक्त स. गो. बर्वे, आयसीएस. कामाचा झपाटा आणि नियोजन यांबद्दल जुन्या पुणेकरांच्या तोंडी त्यांचे नाव आजही येते. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, खडकवासला वाहून गेले, नदीकाठचे पुणे बुडाले, तेव्हा पुनर्वसनासाठी यशवंतराव चव्हाणांनी बर्व्यांनाच पुढे केले. प्रशिक्षित अधिकारी काय करू शकतो याची ही उजळ बाजू. पण पानशेतही प्रशिक्षितांनीच बांधले होते. धरण पुरे झालेले नसताना त्यात पावसाळ्याचे पाणी साठू दिले गेले. भिंत खचू लागली, जवान रात्रभर वाळूच्या पिशव्या रचत राहिले, आणि खालच्या शहरात लोक रोजच्या कामाला लागले होते.

उलट उदाहरण जंगली महाराज रस्त्याचे. १९७० च्या दशकात श्रीकांत शिरोळे हे तरुण नगरसेवक स्थायी समितीचे अध्यक्ष होते. रस्त्यावर दर पावसात खड्डे का पडतात, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. मुंबईच्या रेकॉन्डो कंपनीला दहा वर्षांच्या हमीवर काम दिले गेले. तो रस्ता काही दशके खड्ड्यांवाचून टिकला. रस्त्याचे शास्त्र महापालिकेच्या अभियंत्यांना येत नव्हते असे नाही. हमी मागण्याची गरज त्यांना वाटली नव्हती. रस्त्यावरून जाणाऱ्यांनी निवडून दिलेल्या माणसाला ती वाटली.

आता अलीकडचे. १४ मार्च २०२२ ला नगरसेवकांची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून आयुक्तच प्रशासक झाले. ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेचा वाद न्यायालयात अडकल्याने हा ‘तात्पुरता’ काळ पावणेचार वर्षांच्या पुढे गेला. प्लेटोला हवा होता तसा प्रयोग आपसूक झाला. अधिकारी प्रशिक्षित, वर नगरसेवक नाहीत. आयुक्त म्हणून प्रस्ताव मांडायचा, स्थायी समिती म्हणून तपासायचा, मुख्य सभा म्हणून मंजूर करायचा, सगळे एकाच सहीने. ४ मार्च २०२५ ला मांडलेला १२,६१८ कोटी रुपयांचा अर्थसंकल्पही याच वाटेने गेला.

बऱ्याच पुणेकरांना हे बरे वाटले, आणि त्याची कारणे खोटी नव्हती. दर चौकात नगरसेवकाच्या नावाची बाकडी आणि कमानी वाढत नव्हत्या, स्थायी समितीतल्या ‘टक्क्यां’च्या कुजबुजी थांबल्या, फायली भराभर हलल्या. पण टेकडीवरचा रस्ता, नदीकाठचे काम असे वादाचे विषय आले तेव्हा सभागृहात बोलायला कुणी नव्हते. २०२३ मध्ये वेताळ टेकडीसाठी लोक रस्त्यावर उतरले, नदीसाठी न्यायालयात गेले. तेही बहुतेक शिकलेले, निवेदन लिहिता येणारे. वारजे-धनकवडीच्या पत्र्याच्या खोल्यांतून असे निवेदन निघत नाही. फुल्यांचा प्रश्न तिथेच उभा आहे.

सर्वांत जास्त किंमत मोजली ती हद्दीवरच्या गावांनी. जून २०२१ मध्ये २३ गावे महापालिकेत आली. ग्रामपंचायती बरखास्त झाल्या, सरपंच गेले आणि नगरसेवक यायच्या आत निवडणुकाच थांबल्या. जवळजवळ साडेचार वर्षे तिथल्या माणसांनी पालिकेत निवडून दिलेला एकही प्रतिनिधी नव्हता. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड, किरकटवाडी या भागांत, गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक सापडले. पुणे परिसरात संख्या दोनशेच्या वर गेली, काही रुग्णांच्या नमुन्यांत दूषित अन्नपाण्यातून येणारा जंतू मिळाला आणि संशय पाण्यावर गेला. खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर, आणि गावाला शुद्धीकरण केंद्रातले पाणी नाही. हे त्या गावांतल्या बायाबापड्यांना आधीपासून माहीत होते. सांगायचे कुणाला, एवढेच माहीत नव्हते. क्षेत्रीय कार्यालयातला माणूस तक्रार घेतो. सभागृहात उठून आयुक्तांना अडवणे त्याचे काम नाही.

या काळात सदाशिव आणि नवी पेठेतल्या अभ्यासिकांत हजारो मुले उद्याचे राज्यकर्ते होण्यासाठी बसलेली होती आणि आहेत. मराठवाडा-विदर्भातल्या शेतकऱ्यांची मुले त्यांत मोठ्या संख्येने दिसतात. जो पाहून फुल्यांना आनंद झाला असता असा हा बदल आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०१३ पासून नीतिशास्त्राचा २५० गुणांचा पेपर ठेवला आहे. कंत्राटदार लाच देतो आहे, वरिष्ठ दबाव आणताहेत, तुम्ही काय कराल, अशा धर्तीचे प्रश्न येतात. शपथही आता क्लास लावून शिकता येते. तिकडे बाणेर रस्त्यावर यशदामध्ये निवडलेल्या अधिकाऱ्यांबरोबर सरपंच आणि पंचायत सदस्यांनाही शिकवले जाते, हे मला जास्त आशेचे वाटते. मुखत्यारपत्र असलेल्याला अर्थसंकल्प वाचता आला पाहिजे. नाहीतर आयुक्ताला प्रश्न विचारायचा अधिकार मिळूनही विचारायला प्रश्नच नसतो.

१५ जानेवारी २०२६ ला अखेर मतदान झाले. १६५ नगरसेवक आले, २३ गावांना पहिल्यांदाच प्रतिनिधी मिळाले. मात्र ही निवडणूक बहुसदस्यीय प्रभागांची होती. ४१ प्रभाग, बहुतेकांत चार-चार नगरसेवक, आणि २०११ च्या जनगणनेने पाहिले तरी एका प्रभागात सरासरी ऐंशी हजारांहून जास्त माणसे. रस्त्यांचे, नाल्यांचे, पाण्याचे काम चौघांत वाटलेले नाही. किरकटवाडीच्या नळाला गढूळ पाणी आले तर चौघांपैकी कुणाकडे जायचे, हे कायद्यात लिहिलेले नाही. चौघे एका पक्षाचे असतील तर ते एकमेकांकडे बोट दाखवतील, वेगवेगळ्या पक्षांचे असतील तर त्याहून जोरात. २००९ मध्ये राज्याने क्षेत्रसभांचा कायदा केला होता. काही मतदान केंद्रांच्या परिसरातल्या मतदारांनी वर्षातून ठरावीक वेळा एकत्र बसून नगरसेवकाला विचारावे, अशी त्यात तरतूद आहे. शपथ घेणाऱ्या एकाही आयुक्ताने आणि मते मागणाऱ्या एकाही पक्षाने पुण्यात ती रुळवलेली नाही.